हात न लावलेली फाईल

सकाळी ऑफिसात येऊन तिनं कॉम्प्युटर चालू केला, रेपोतलं कालचं काम आपल्याकडे उतरवून घेतलं, आणि पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटली. 'दुखतं' या शब्दाची फाईल बदललेली आहे, असं मशीन सांगत होतं. तिनं त्या फाईलला हात लावला नव्हता. अजून तर पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. तिनं बदल रद्द केला. ओळ क्षणभर गेली आणि परत आली. पुन्हा रद्द केला, पुन्हा आली. गेले काही महिने हे अधूनमधून व्हायचं, कधी या शब्दाचं, कधी त्या. ती दोनचार वेळा खटपट करायची आणि मग तिकडे काणाडोळा करून आपल्या कामाला लागायची. आज का कोण जाणे, तिनं ती फाईल उघडून बघितली. पडद्यावर मॅडम दिसल्या, पण जुन्या. करड्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या, केस लांब होते तेव्हाच्या. त्यांनी दोन्ही हातांची पहिली बोटं समोरासमोर आणली आणि पीळ दिल्यासारखी उलटसुलट फिरवली. ही खूण काढून टाकून कितीतरी दिवस झाले होते. ती स्वतः मॅडमना पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून नवी खूण टिपून घेऊन आली होती, स्वतःच्या हातांनी तिनं ती साठ्यात घातली होती. आणि आता तिच्याच मशीनवर जुनी परत येऊन बसली होती, आणि फाईलच्या इतिहासात त्या जुन्या खुणेपुढे नाव होतं नवऱ्याचं.

रेपो म्हणजे वेबसाईटच्या सगळ्या फाईलींचा एक सामायिक साठा. प्रत्येकाच्या मशीनवर त्याची प्रत असते. आपण केलेलं साठ्यात जातं, दुसऱ्यानं केलेलं तिथून आपल्याकडे येतं. या साठ्यात काम करणारी माणसं दोनच होती, ती आणि तिचा नवरा. नवरा म्हणजे, गुरुवारपर्यंत नवरा. गुरुवारी दोघांनी कोर्टात जाऊन परस्परसंमतीच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. तोवर ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि तो आतल्या खोलीत, मध्ये एक दार होतं जे मुद्दाम उघडंही ठेवलेलं नसायचं आणि मुद्दाम लावलेलंही नसायचं. खाली छापखाना होता. त्याचं यंत्र चालू झालं की दोन्ही खोल्यांतली फरशी सारखीच थरथरायची, आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बारीक वर्तुळं उठायची. ती वर्तुळं बघताना तिला कधीकधी वाटायचं, आतही आत्ता हेच दिसत असेल. मग तिला त्या विचाराचा राग यायचा.

साईट होती खुणांच्या कोशाची. ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही अशा आईबापांसाठी. शब्दावर बोट ठेवलं की मॅडम त्या शब्दाची खूण करून दाखवायच्या: पाणी, शाळा, भीती, उद्या, माझं. मॅडमना स्वतःला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्याइतकी बोलकी बाई तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. पहिलं शूटिंग झालं तेव्हा खुणा एका पुस्तकावरून घेतल्या होत्या. पुढं मॅडमच म्हणाल्या, म्हणजे हातांनी म्हणाल्या, की या खुणा पुस्तकात राहतात, मुलांच्या हातांत राहत नाहीत. मग पुन्हा शूटिंग सुरू झालं. ते काम तिच्याकडे आलं त्याच सुमारास ती घर सोडून ताईकडे राहायला गेली होती. रिकामं मन कशात तरी घालायला हवं होतं, तिनं ते या कामात घातलं. एकेका शब्दासाठी मॅडम चार-चार वेळा उभ्या राहायच्या. 'दुखतं' या शब्दाच्या वेळी तर त्यांनी तिचाच हात धरून दाखवलं होतं: जिथं दुखतं तिथं बोटं टेकवायची आणि मनगट पिळायचं. पोटावर, गुडघ्यावर, डोक्यावर. शेवटी मॅडमनी बोटं स्वतःच्या छातीवर टेकवली, मनगट पिळलं आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं. ती कॅमेरा नीट करायच्या निमित्तानं खाली वाकली होती.

त्या दिवशी फोन आला तो साधारण तासाभरानं. बाईचा आवाज होता, थकलेला, भांडणारा नव्हे. ती म्हणाली की तिच्या मुलीला ऐकू येत नाही, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली आहे, आणि घरी ती स्वतः या साईटवरून खुणा शिकते. शाळेतल्या आणि साईटवरच्या खुणा एकच असतात असं तिला सांगण्यात आलं होतं. गेल्या आठवड्यात मुलगी दोन दिवस सारखी कानावर बोटं ठेवून हात पिळत होती आणि रडत होती. बाईला वाटलं, ती सांगते आहे की मला ऐकू येत नाही. कुणीतरी चिडवलं असेल शाळेत. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, स्वतःही रडली, तिला कळतील तशा खुणांनी समजावलं की मला माहीत आहे, राणी, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी उशीवर पू दिसला. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले की भरून येईल. "नाही तरी त्या कानाचा तिला काय उपयोग, असं सासूबाई म्हणाल्या," बाई म्हणाली. "पण ती मला सांगत होती हो. दोन दिवस सांगत होती. शाळेत विचारलं तर ते म्हणाले, ही खूण बदलून वर्ष होत आलं. तुमच्याकडे अजून जुनीच आहे."

तिनं बाईंना सांगितलं की आमच्याकडेही बदलली आहे, आणि बोलता बोलता तिनं फोनवरच, आपल्या मशीनवर नव्हे, लोकांना दिसते ती साईट उघडली. करडा पडदा, लांब केस, समोरासमोर पिळलेली दोन बोटं. मग तिनं 'भीती' उघडलं. जुनं. 'माझं' उघडलं. जुनं. 'उद्या', 'भूक', 'सोड', सगळं जुनं. मॅडम इतक्या महिन्यांत पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहून जे जे बोलल्या होत्या त्यातलं एक अक्षर बाहेर पोचलं नव्हतं. तिनं काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. आज दुरुस्त करते, असं काहीतरी म्हणाली असावी. फोन ठेवल्यावर तिचा हात कानाकडे गेला, आणि तो तिथं गेलेला पाहून तिनं पटकन खाली घेतला.

मग राग आला. इतका सरळ, स्वच्छ राग तिला कितीतरी दिवसांत आला नव्हता, आणि आला तशी तिला जवळजवळ हुशारी वाटली. म्हणजे हा आपलं काम मागं फिरवतोय. एक शब्द न बोलता, एक आवाज न करता, आपण घातलेलं काढून स्वतःचं परत ठेवतोय. त्याची रीतच ती. घरातही तो कधी भांडला नाही. त्याला दुसऱ्या शहरातून मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि त्यानं ते नाकारलं होतं, हे तिला कळलं ते त्याच्या मित्राच्या बायकोकडून, कुणाच्या तरी साखरपुड्यात, हातात ताट असताना. घरी येऊन तिनं विचारलं तर तो म्हणाला, तुला इथलं काम सोडवलं नसतं. सोडवलं नसतं हे तू कसं ठरवलंस, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, कधीची गोष्ट ही? तो म्हणाला, झाले बरेच दिवस. बस्स. ती मोरीत जाऊन पाय धूत राहिली, पाय स्वच्छ होते तरी. त्यानंतर तिला घरातल्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी न सांगता ठरवलेलं दिसू लागलं. पंख्याचा वेग, दुधाची पिशवी, रविवारी कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही. आणि एक दिवस तिनं, त्याच्याकडे न बघता, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हटलं, "मी काही दिवस ताईकडे जाते." त्याच्या तोंडून निघालं, "बरं." माळ्यावरची बॅग त्यानंच काढून दिली. वर ओल्या फडक्यानं पुसून. ती ताईला ते सांगताना म्हणाली होती, बॅग पुसून दिलीन ग त्यानं, बोल, इतकी घाई. ताई भाजी निवडत होती. ताई म्हणाली, "तू त्याला थांबव म्हणालीस का?" "मी कशाला म्हणू?" "मग तो तरी कशाला म्हणेल?" ताईच्या अशा बोलण्याचा तिला वैताग यायचा, कारण ताईच्या घरी सगळे सगळ्यांना दिवसभर काही ना काही विचारत असायचे आणि उत्तर कुणी ऐकत नसे.

ती उठून सरांकडे गेली. सर म्हणजे साईट चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर, कॉम्प्युटरला हात लावण्याआधी रुमालानं बोटं पुसणारे. तिनं बाईंचा फोन सांगितला. सरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले की मुलीच्या आईला ते स्वतः फोन करतील, मॅडमना बोलावून घेतील, पण साईट आज नीट झाली पाहिजे. "तुम्ही दोघं एका टेबलाशी बसा आणि मिटवून टाका," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. "म्हणजे ते, फाईलींचं." ती म्हणाली, हो सर, फाईलींचंच.

तो आपलं मशीन उचलून बाहेरच्या खोलीत आला. वायर गुंडाळून खिशात घातलेली, बगलेत वही. तो थोडा वाळला होता. शर्टाच्या बाहीला बटण नव्हतं आणि त्यानं ती बाही दोन घड्या वर घेतली होती. दुसरीही, सारखी दिसावी म्हणून. तिनं खुर्ची सरकवून जागा केली. खाली यंत्र चालू होतं. तिनं त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं, बाईंचा फोन, मुलीचा कान, आणि शेवटी स्वतःला आवरत म्हणाली की तिच्या नव्या फाईलींच्या जागी त्याच्या जुन्या येत आहेत आणि तिला कारण हवं आहे. तो मुलीच्या कानाशीच अडकला होता. कोणता कान, असं त्यानं विचारलं. तिला ते माहीत नव्हतं. मग त्यानं तिचा फोल्डर बघितला, बराच वेळ बघितला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "तुझ्याकडे एकच आहे?"

"काय एकच?"

त्यानं आपलं मशीन तिच्याकडे वळवलं. तिथं शब्दांचे फोल्डर दोन होते. एकाखाली एक, शेजारी राहणाऱ्या बिऱ्हाडांसारखे. नाव एकच, फक्त एकाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसऱ्याचं स्मॉल. आपल्या लिपीत हा प्रकारच नाही, घर शब्दातला घ कुठंही आला तरी घच असतो. पण फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, आणि तिथं हा फरक असतो. कॅपिटलचा फोल्डर त्याचा होता, साईट सुरू केली तेव्हाचा. स्मॉलचा तिचा. तिला सगळं लहान लिपीत लिहायची सवय होती, शाळेत असल्यापासून. तिनं नव्या व्हिडिओंसाठी नाव टाइप केलं ते आपल्या सवयीनं. तिचं मशीन कॅपिटल-स्मॉलचा भेद मानत नव्हतं. त्याला दोन्ही नावं एकच, म्हणून दोन्ही फोल्डर एकाच जागी कोंबून ते कधी हिचा व्हिडिओ वर आणायचं, कधी त्याचा, आणि मग गोंधळून म्हणायचं की फाईल बदलली. मघाची ती परत परत येणारी ओळ एक नव्हतीच, दोन ओळी होत्या, एका अक्षराच्या फरकाच्या, आणि तिच्या डोळ्यांनी त्या एक धरल्या होत्या. त्याचं मशीन भेद मानत होतं. साईट जिथून चालते तो सर्व्हरही मानत होता. आणि साईटच्या पानांत नाव लिहिलेलं होतं कॅपिटलचं. त्यामुळे लोकांना आजवर दिसत होता तो जुना फोल्डर. तिच्याकडचा कुणी कधी मागितलाच नव्हता.

हे सगळं तिला मिनिटभरात कळलं. काम करणाऱ्या माणसाला असं कळतं तेव्हा एक समाधान असतं, गाठीचं टोक सापडल्याचं. ते समाधान तिला झालंही. आणि त्याच्या पाठोपाठ, पाय चुकून एक पायरी जास्त खाली गेल्यासारखं, दुसरं काहीतरी कळलं.

"तुला हे दोन कधीपासून दिसतायत?"

"तू शूटिंग सुरू केलंस तेव्हापासून."

"आणि तू बोलला नाहीस."

त्यानं वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला. "मला वाटलं, तुला वेगळं ठेवायचंय," तो म्हणाला. "माझ्यात मिसळायचं नाहीये. तयार झालं की सांगशील, मग मी पानांत नाव बदलेन, असं धरून चाललो. रोज बघायचो. नवे शब्द येत होते. चांगलं काम होतं. मी त्याला हात लावला नाही."

खाली यंत्र थांबलं. थांबलं की पहिले काही क्षण कानांत उलट जास्त आवाज येतो. ती त्याच्या पडद्यावरच्या त्या दोन नावांकडे बघत राहिली. महिनोन् महिने ती या माणसावर रागावली होती, एका अशा माणसावर जो गुपचूप तिचं पुसून टाकत होता. तसा माणूस नव्हताच. त्याच्या जागी हा होता, रोज सकाळी तिचं काम उघडून बघणारा, मनात चांगलं म्हणणारा, आणि अदबीनं दार ओढून घेणारा. हा जास्त बरा की जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. रागाची इतकी सवय झाली होती की तो काढून घेतल्यावर तोल जातो की काय असं वाटलं. आणि त्या सगळ्यात ती बाई होती, मुलीला मांडीवर घेऊन मला माहीत आहे, मला माहीत आहे म्हणणारी.

"बॅग का पुसलीस?" तिनं विचारलं.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. "धूळ होती तिच्यावर," तो म्हणाला. आणि मग, वहीकडे बघत: "मी आलो होतो एकदा. ताईंच्या इमारतीपर्यंत. तू गच्चीत होतीस, कपडे काढत होतीस दोरीवरचे. ताईंची मुलगी काहीतरी बोलली आणि तू हसलीस. खूप हसलीस. इतकी हसताना मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मला वाटलं, बरी आहे इथं."

तिला ती संध्याकाळ आठवली नाही. ती हसली असेल; माणूस हसतो. त्या काळात ती जिन्यावर कुणाची पावलं वाजली की हातातलं काम थांबवायची, हे मात्र आठवलं. पावलं वरच्या मजल्यावर जायची, किंवा अलीकडेच थांबायची. ताई म्हणायची, कान द्यायचाय तर दार उघडून बघ ना एकदा. तिनं उघडलं नव्हतं. तिनं म्हणायचं म्हणून तोंड उघडलं की मी वाट बघत होते, पण तेवढ्यात जिन्यात मॅडमच्या चपलांचा जोरकस आवाज आला, आणि दोघंही पडद्याकडे वळले, चोरी पकडल्यासारखी.

मॅडमना सगळं खुणांनी सांगायचं होतं, आणि ते तिनंच सांगायचं होतं. तिला येत होत्या तेवढ्या खुणा तिनं वापरल्या. अडेल तिथं लिहून दाखवलं. मॅडमचा चेहरा ऐकता ऐकता, म्हणजे बघता बघता, बदलत गेला. गोष्ट मुलीच्या कानाशी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी डोळे मिटले की बोलणंच बंद होतं, समोरच्याला तसंच हात वर धरून उभं राहावं लागतं. ती उभी राहिली. मग मॅडमनी डोळे उघडले, पदर खोचला आणि खुर्ची ओढली. सगळेच नवे चांगले आणि सगळेच जुने वाईट असं नव्हतं, त्यामुळे कोणता शब्द कुठल्या फोल्डरातून ठेवायचा हे त्यांनाच ठरवायचं होतं. दुपारभर तिघं एका टेबलाशी बसून होती. तो जुना दाखवायचा, ती नवा, आणि मॅडम एकाकडे बोट करायच्या. स्वतःचे लांब केस बघून त्यांनी ते कापायला लावणाऱ्या नवऱ्याला दोन शिव्या घातल्या, हातांनी, आणि त्या शिव्या कोशात घ्या म्हणाल्या. 'घर' या शब्दाशी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत थोड्या रेंगाळल्या. मग त्यांनी जुना निवडला. त्यात छप्पर उभारताना हात जास्त छान दिसतात, एवढंच कारण दिलं.

निवड झाल्यावर फोल्डर एक करायचा राहिला. ठरलं की नाव स्मॉलच ठेवायचं, सगळं लहान लिपीत, म्हणजे पुन्हा कुणाचा घोटाळा नको. पण कॅपिटलचं सरळ स्मॉल करता येत नव्हतं. तिच्या मशीनला त्यात काही बदल झालाय हेच कळलं नसतं. आधी नाव पार वेगळंच काहीतरी द्यायचं, ते साठ्यात पाठवायचं, मग त्याचं हवं ते करायचं.

"मधलं नाव काय देऊ?" त्यानं विचारलं.

"काहीही दे."

त्यानं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, काहीही. लहान लिपीत. तिला हसू आलं, आणि त्यालाही, आणि मॅडमनी दोघांना हसताना बघून काय झालं म्हणून विचारलं तर सांगता येईना. मग त्याचं हवं ते नाव केलं, पाठोपाठ पानांतलंही बदललं, सर्व्हरवर चढवलं. तिनं फोनवर साईट उघडली. पांढरी भिंत, आखूड केस, बोटं गुडघ्यावर टेकलेली. मॅडमनी फोन तिच्या हातातून घेतला आणि एकेक शब्द उघडून स्वतःकडे बघत बसल्या. सरही रुमालानं बोटं पुसत येऊन मागं उभे राहिले.

मॅडम गेल्यावर तो वायर गुंडाळू लागला. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "गुरुवारी जायचं का?"

त्यानं विचारलं होतं, आणि त्याला विचारणं किती अवघड जातं हे वायरीवरून दिसत होतं; त्यानं ती उलट बाजूनं गुंडाळली होती. नको म्हणणं सोपं होतं. नको म्हटलं असतं तर तो बरं म्हणाला असता. ती पुढचे दिवस डोळ्यांपुढे आणून बघत होती: तो विचारेल का म्हणून ती थांबलेली, ती सांगेल म्हणून तो थांबलेला, आणि दोघंही एकमेकांशी अतिशय चांगली वागणारी. आज कळलं ते खरं होतं. पण ते कळायला एका मुलीचा कान फुटावा लागला होता. "जाऊ," ती म्हणाली. मग तिला वाटलं, आज तरी एवढ्यावर सोडता कामा नये, म्हणून तिनं पुढं म्हटलं, "तू माझं काही पुसलं नाहीस, हे मला कळलं. मी तसं धरून चालले होते. पण मला आता असं राहता येणार नाही, ओळखत, अंदाज करत. तुलाही येणार नाही." त्यानं मान हलवली. आतल्या खोलीत गेला. दार मघाइतकंच उघडं राहिलं.

बुधवारी त्या बाईंचा फोन आला. सरांनी फोन केल्याबद्दल त्या आभार मानत होत्या, जे ऐकून तिला ओशाळं वाटलं. नवी खूण बघितली म्हणाल्या, सगळ्यांनी शिकून घेतली, सासूबाईंनीसुद्धा. सकाळी मुलीनं पुन्हा कानावर बोटं टेकवून मनगट पिळलं. बाईंनी तीच खूण तिला करून दाखवली, भुवया वर करून, विचारल्यासारखी. मुलगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. "दुखायचं काही थांबलं नाही लगेच," बाई म्हणाल्या, "औषध चालू आहे. पण रडायची थांबली."

गुरुवारी कोर्टाच्या त्या खोलीत पंखा होता आणि तो फिरत नव्हता. वकीलबाईंनी जिथं सह्या करायच्या तिथं पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. कुणाचा दबाव आहे का, असं दोघांना वेगवेगळं विचारण्यात आलं. दोघांनीही नाही म्हटलं. एवढी वर्षं जे उभं होतं ते इतक्या थोड्या वेळात उतरवता येतं याचं तिला नवल वाटलं, आणि नवल वाटण्यापलीकडे काही वाटेना. वकीलबाई दुसऱ्या खटल्यासाठी घाईनं निघून गेल्या. ती पायऱ्या उतरायला लागली. पायऱ्या रुंद होत्या, दगडी, मधोमध पावलांनी झिजलेल्या. उन्हं होती, माणसं फायली छातीशी धरून वरखाली करत होती, एकजण फोनवर मोठमोठ्यानं पत्ता सांगत होता. ती अर्ध्यावर आली तेव्हा मागून त्यानं हाक मारली. नावानं. रस्त्यात, लोकांत, तो असा कधी मोठ्यानं बोलत नसे. ती थांबली.

तो दोन पायऱ्या वर उभा होता. "तुला हे हवं होतं का?" त्यानं विचारलं.

"आत्ता विचारतोस?"

"हो. आत्ता."

तिला वाटलं, याला खरं तेच सांगायला हवं, आणि खरं काय ते बघायला तिला आत खोल जावं लागलं. माणसं बाजूनं जात राहिली. "आज हवं होतं," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतं. तेव्हा मी वाट बघत होते."

त्यानं ऐकलं. मग तो होता त्याच पायरीवर, कपडे मळतील याचा विचार न करता खाली बसला आणि रडायला लागला. तोंड लपवलं नाही, आवाजही केला नाही. हात गुडघ्यांवर तसेच पडलेले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. रडतो की नाही हेही कधी विचारलं नव्हतं. पत्ता सांगणारा माणूस क्षणभर बोलायचा थांबला आणि मग वळून दुसरीकडे तोंड करून बोलू लागला. ती दोन पायऱ्या चढून वर आली आणि त्याच्या शेजारी बसली. दगड तापलेला होता. दोघांच्या मध्ये एक पर्स मावेल एवढी जागा राहिली होती. तिनं पर्स मांडीवर घेतली.